मागचं पाकीट

पनवेलच्या बाजारात एक कायदा आहे. 1852 साली नगरपालिका झाली तेव्हा तो केलेला नाही, 2016 साली महापालिका झाली तेव्हाही त्याचा ठराव झाला नाही, आणि तरीही गावातला एकही माणूस तो मोडत नाही. कायदा असा: दुकानदाराने जे पुढे मांडलंय ते घ्यायचं नाही. त्याच्याकडे बघावं, भाव विचारावा, उचलून उलटंपालटं करावं, दाबण्यासारखं असेल तर दाबावं, हुंगण्यासारखं असेल तर हुंगावं, आणि मग जागच्या जागी ठेवून म्हणावं, "ह्यातलं मागचं द्या."

दुधाच्या पिशवीचं एक वेळ समजू शकतो. पावाचंही समजू शकतो. पण टपाल नाक्यावर मी एका गृहस्थांना मेणबत्तीचं मागचं पाकीट मागताना ऐकलंय. मेणबत्ती शिळी होत नाही. कुलूप शिळं होत नाही, केरसुणी होत नाही, खडू होत नाही. रोजचं वर्तमानपत्रसुद्धा गठ्ठ्यातलं सगळ्यात वरचं कुणी उचलत नाही. वरचा अंक दोन बोटांनी बाजूला सारून खालचा ओढतात. बातम्या त्याच, तारीख तीच, छापखाना तोच. पण वरच्या अंकाकडे सकाळपासून येणाऱ्या-जाणाऱ्याने बघितलेलं असतं, आणि नजरेने वस्तू झिजते अशी आमची ठाम समजूत आहे.

दुकानात माल कसा मांडावा ह्याचं जे शास्त्र जगभर शिकवतात, ते नेमकं ह्याच्या उलट पायावर उभं आहे. दिसेल ते खपेल, हा त्याचा पाया. हिंदीवाल्यांनी तर त्याचं यमकही जुळवून ठेवलंय.

हे शास्त्र तसं फार जुनं नाही. पूर्वी अमेरिकेतही वाणी फळीच्या आत आणि गिऱ्हाईक फळीच्या बाहेर असंच असायचं. यादी वाचायची, वाणी आतून काढून देणार. 1916 साली मेम्फिस गावात क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या माणसाने 'पिगली विगली' हे मराठी तोंडाने जपूनच उच्चारावं असं नाव ठेवून एक दुकान काढलं आणि गिऱ्हाइकाला फळीच्या आत घेतलं. फिरत्या फाटकातून शिरायचं, टोपली घ्यायची, आखून दिलेल्या वाटेने सगळं दुकान पालथं घालायचं आणि दुसऱ्या टोकाला पैसे देऊन सुटायचं. अर्धा किलो रवा हवा असला तरी साबण, लोणची, बिस्किटं ह्या सगळ्यांचं दर्शन घेऊनच बाहेर. पुढच्याच वर्षी त्याने ह्या रचनेचं पेटंटही घेतलं. मधला वाणी गेला तशी वस्तूची शिफारस करणारं कुणी उरलं नाही. तिलाच नटूनथटून फळीवर उभं राहावं लागलं. तेव्हापासून ती कुठे उभी राहील, किती उंचीवर, कुणाच्या शेजारी, ह्यावर हुशार माणसांच्या नोकऱ्या चालल्या आहेत.

पनवेलला ह्यातल्या कशाची गरज नव्हती. हे गाव मुळात घाईतल्या लोकांना माल विकून मोठं झालेलं. 1830 साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हा मुंबईचा माणूस होडीने पनवेल बंदराला उतरायचा आणि इथून पुण्याच्या वाटेला लागायचा. उतरलेला माणूस भुकेला, अंग आंबलेला आणि पुढच्या गाडीसाठी धावणारा. त्याला मांडणी दाखवत बसायचं कारण नव्हतं. हातात देईल ते घेऊन तो निघायचा. पुढे 1863 मध्ये आगगाडी बोरघाट चढली आणि घाईतली मंडळी पनवेलला न उतरता परस्पर पुण्याला जाऊ लागली. मागे राहिलो ते आम्ही. आम्हाला घाई नाही. आणि घाई नसलेल्या गिऱ्हाइकापुढे कुठल्याच मांडणीचं काही चालत नाही.

आमच्या आळीच्या तोंडाशी अण्णांचं किराणा दुकान आहे. आधी दुकान दिसतच नाही. दिसतात त्या शॅम्पू, कॉफी, सुपारी आणि कपडे धुण्याच्या पावडरीच्या लड्या, वाशापासून फळीपर्यंत लोंबणाऱ्या. लड्यांच्या फटीत एक चष्मा दिसतो, ते अण्णा. फळीवर लिमलेटच्या गोळ्या, चिक्की, खारी, आवळासुपारी ह्यांच्या बरण्या. बरण्यांमागे काटा, काट्यामागे गल्ला, गल्ल्याच्या वर गणपती, लक्ष्मी आणि अण्णांचे वडील, तिघेही हारासकट. छताला टेकलेल्या फळ्यांवरचा माल आकडी लावलेल्या काठीने खाली येतो. अण्णा काठीने डबा टोचतात, डबा सुटतो, आणि बोलणं न थांबवता ते तो डाव्या हाताने झेलतात. खाली पडलेला डबा कुणी पाहिलेला नाही.

ह्या सगळ्यात एकच कप्पा झकपक असतो. तो कंपनीचा. एक साबणवाले त्या कप्प्यासाठी अण्णांना स्कीममध्ये काहीतरी देतात. महिन्याच्या महिन्याला कंपनीचा मुलगा येतो, साबणांची तोंडं पुढे करून त्यांना एका रेषेत लावतो, मागे रंगीत पुठ्ठा चिकटवतो, मोबाइलवर फोटो काढून साहेबाला पाठवतो आणि निघतो. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत अण्णांनी कप्प्यात उधारीची वही, चष्म्याचं घर आणि चहाचा कप परत ठेवलेला असतो. ज्याला तोच साबण हवा असतो तो त्या रांगेकडे बोट दाखवून म्हणतो, "तो शोभेचा नको अण्णा, आतला द्या."

असं सुरळीत चाललेलं असताना अण्णांचे चिरंजीव पुण्याहून रिटेल मॅनेजमेंट शिकून आले.

पहिल्याच संध्याकाळी दुकानभर नजर फिरवून ते म्हणाले, "अण्णा, आपल्याकडे प्लॅनोग्रामच नाही."

"कालच संपला," अण्णा म्हणाले. "मंगळवारी गाडी येईल."

प्लॅनोग्राम म्हणजे कुठल्या फळीवर कुठला माल, किती, कुणाच्या शेजारी, ह्याचा नकाशा. चिरंजीवांनी तो काढला. सुंदर काढला होता. घराचा असा असता तर नगररचनावाल्यांनी लगेच मंजूर केला असता. लड्या उतरल्या, ट्यूब जाऊन पिवळे दिवे आले, फळी अर्धी कापून गिऱ्हाइकाला आत यायला वाट केली. अण्णांनी विरोध केला नाही. एकुलता एक मुलगा आणि भरलेली फी ह्या दोन गोष्टींपुढे कोकणातला बाप नेहमीच समंजस असतो.

पहिलं सूत्र नजरेच्या उंचीचं. डोळ्यांसमोर जी फळी येते तिच्यावरचा माल सगळ्यात जास्त उचलला जातो, म्हणून जास्त नफ्याचा माल तिथे लावायचा, स्वस्त माल पायाशी. हे जगभरच्या दुकानांत खरं ठरलंय. अण्णांनी शांतपणे विचारलं, "कुणाच्या डोळ्यांसमोर?" प्रश्न बरोबर होता. सकाळी पहिली येते ती पाचवीतली मुलगी, तिचे डोळे तांदळाच्या पिंपाशी. मग कमरेत वाकलेल्या आजी. त्यांना जमीन आणि पहिली फळी एवढंच दिसतं. मग कळंबोलीचे ट्रकवाले. ते छताशी बोलतात. आणि निम्मं गिऱ्हाईक स्कूटरवरून उतरतच नाही. एक पाय रस्त्यावर टेकवून, हेल्मेटच्या आतून ओरडतं, "अण्णा, एक किलो साखर, अर्धा तेल!" त्याच्या नजरेसमोर मागचा रिक्षावाला असतो, आरशात.

दुसरं सूत्र उजव्या हाताचं. पॅको अंडरहिल हा अमेरिकन माणूस वर्षानुवर्षं दुकानांत उभा राहून गिऱ्हाइकं बघत आला. त्यावर त्याने 1999 मध्ये एक पुस्तक लिहिलं आणि ते खूप खपलं. तो म्हणतो, दुकानात शिरलेला अमेरिकन माणूस उजवीकडे वळतो. जिथे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात तिथला डावीकडे झुकतो. म्हणजे आपण डावीकडे. खात्री करून घ्यावी म्हणून चिरंजीव तासभर दुकानासमोर उभे राहिले. आमच्या रस्त्यावर गाड्या दोन्ही बाजूंनी दोन्हीकडे जातात. त्यांनी वही मिटली आणि मसाल्यांचं स्टँड मधोमध ठेवलं. तेव्हापासून लोक त्याला अडखळतात, डावीकडून येणारे आणि उजवीकडून येणारेही.

ह्याच अंडरहिलचं आणखी एक निरीक्षण आहे, आणि ते वाचून मला त्याची काळजी वाटली. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात दाराजवळ टायचं स्टँड होतं. लोक टाय बघायला थांबायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा मागून एक-दोनदा धक्का लागला की टाय सोडून निघून जायचे. निष्कर्ष: मागून धक्का लागला की गिऱ्हाईक गेलं. ह्या सद्गृहस्थाला दिवाळीच्या आधीच्या रविवारी आमच्या कापड बाजारात आणून सोडायला हवं होतं. तिथे माणूस चालत नाही, सरकवला जातो. ज्या दुकानात धक्का लागत नाही त्या दुकानात बायका शिरतच नाहीत. "कुणी दिसत नाही गं आत, माल चांगला नसेल," म्हणून पुढे जातात आणि जिथे चेंगरायला होईल तिथे समाधानाने घुसतात. आमच्याकडे गर्दी हीच मांडणी. शहाणा दुकानदार म्हणूनच दुपारच्या सामसुमीत स्वतःच्या वहिनीला आणि मेहुणीला गिऱ्हाईक म्हणून पुढच्या खुर्च्यांवर बसवतो.

तिसरं सूत्र संगीताचं होतं. 1982 साली अमेरिकेत एक प्रयोग झाला: सुपरमार्केटमध्ये संथ सुरावट लावली की लोक हळू चालतात, जास्त वेळ रेंगाळतात, आणि तिथे विक्री सुमारे 38 टक्क्यांनी वाढली होती. चिरंजीवांनी बासरी लावली. लोक खरंच रेंगाळले. समोरचे निवृत्त पोस्टमास्तर रोज चारला येऊन तांदळाच्या पोत्यावर बसू लागले, मग त्यांचे मित्र. शनिवारी कुणीतरी चटई मागितली. खप वाढला तो चहाचा, आणि तोही अण्णांच्या घरातला.

चिरंजीवांची बाजू मी पूर्ण सोडत नाही. निवडीच्या बाबतीत त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर ह्या दोघांनी कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात जॅम मांडून बघितले, त्याचा अहवाल 2000 साली आला. टेबलावर 24 प्रकारचे जॅम असताना जाणाऱ्यांतले 60 टक्के लोक थांबले, 6 असताना 40 टक्के. पण थांबलेल्यांपैकी विकत किती जणांनी घेतला? चोविसांतून 3 टक्के, सहांतून 30. फार दाखवलं की माणूस गोंधळतो आणि काहीच घेत नाही. पटण्यासारखं आहे. फक्त हा प्रयोग जॅमवर झाला, साडीवर झाला नाही, इतकंच.

साडीच्या दुकानात सहा साड्या दाखवून बघा. बाई उठते. चोवीस दाखवा, "अजून?" असं विचारते. कापड बाजारातला गादीवरचा सेल्समन हे जाणून असतो, म्हणून पहिल्या पंधरा-वीस साड्या तो विकण्यासाठी काढतच नाही. त्या फेकायच्या साड्या. मनगटाच्या एका झटक्याने घडी सुटते, पदर हवेत उघडतो, साडी गादीवर पडते आणि तिच्यावर दुसरी. गावात भरतकाम, रांगोळी, नाच सगळ्यांचे वर्ग आहेत, पण साडी उघडण्याच्या ह्या कलेचा वर्ग नाही, ह्याचं मला वाईट वाटतं. ढीग बाईच्या गुडघ्यापर्यंत आला की ती पहिल्यांदा वाक्य उच्चारते, "आतलं काहीतरी दाखवा ना." आता सेल्समन मान डोलावतो, आवाज उतरवतो, पोऱ्याला म्हणतो, "तो वरचा गठ्ठा आण रे, कालचा." खरा व्यवहार इथे सुरू होतो. गठ्ठ्यातली चौथी साडी पसंत पडते. भाव ठरतो. आणि पर्स उघडता उघडता बाई म्हणते, "हीच. पण ही उघडलेली नको हं, घडी न मोडलेली द्या."

मांडणीतलं जगातलं सगळं शहाणपण कुणाला एका तासात शिकायचं असेल तर त्याने उरण नाक्याच्या बाजूला मासळी बाजारात जावं. आगरी-कोळी मावशांना प्लॅनोग्राम सांगायला कुणी गेलं नाही, हे बरंच झालं. कोलंबीचा वाटा कसा लावलाय बघा: मोठ्या आठ-दहा वर, शेपट्या आत, तोंडं बाहेर, बारक्या पोटात दडवलेल्या. वाटा बघितला की वाटतं, सगळी कोलंबी ह्याच मापाची. मांदेली ऊन खाऊ नयेत म्हणून ओल्या फडक्याच्या कडेला. पापलेटं चंद्रकोरीत, एकाचं पोट दुसऱ्याच्या पाठीवर, म्हणजे सहाची नऊ दिसतात. सुरमई आडवी, कापलेली बाजू गिऱ्हाइकाकडे. मधून मधून पाण्याचा हबका, त्याने सगळं आत्ता होडीतून उतरल्यासारखं चमकतं. आणि माझ्यासारखा पाहत राहिला की मावशी म्हणते, "ते काय बघतस? ते लोकांना दाखवायला हाय." मग फळीखालच्या बर्फातून एक पापलेट काढते, कल्ला बोटाने उघडून लाल रंग दाखवते आणि आजूबाजूला बघून पिशवीत टाकते. ते पापलेट वरच्यापेक्षा चांगलं असतं का? मला सांगता यायचं नाही. पण मी त्याचे दहा रुपये जास्त देतो आणि घरी जाताना छाती पुढे काढून चालतो, कारण मला लोकांतलं नाही, आतलं मिळालेलं असतं.

हे मर्म एका मोठ्या दुकानदाराने ओळखलं होतं. किशोर बियाणींनी 2001 मध्ये पहिलं बिग बाजार उघडलं. नंतर त्यांच्या लक्षात आलं की रुंद मोकळ्या वाटा, लखलखीत फळ्या, नीट रांगा ह्या आपल्या गिऱ्हाइकाला बुजवतात; माणूस आत येतो, चालतो आणि तसाच बाहेर जातो. तेव्हा त्यांनी मांडणी मुद्दाम बिघडवली. एका दुकानात जवळपास 50 हजार डॉलर खर्च करून पसारा केला, अशी बातमी 2007 मध्ये अमेरिकेच्या 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये आली होती. वाटा अरुंद केल्या, म्हणजे लोक एकमेकांना घासून जातील. गहू-तांदूळ उघड्या पिंपांत ठेवले, म्हणजे मूठ घालता येईल. आणि कांद्यांच्या ढिगात काही डागाळलेले कांदे राहू दिले. डाग दिसला की गिऱ्हाइकाला माल थेट शेतातून आल्यासारखा वाटतो. शिवाय तो कांदा बाजूला टाकून खालचा चांगला काढला की दुकानदारावर मात केल्याचं सुख मिळतं, ते निराळं. पसारा घालायला पैसे मोजावे लागतात हे वाचून आमच्या घरातली तरुण मंडळी फार उत्साहित झाली होती. बिग बाजारची पुढे बाकीच्या कारणांनी जी अवस्था झाली ती झाली. पण डागाळलेल्या कांद्याबद्दल ह्या माणसाला अर्थशास्त्राचं काहीतरी मिळायला हवं होतं.

आता आमच्याकडे मॉल आहेत. ओरायन मॉलमध्ये रविवारी अर्धं पनवेल असतं. मला तिथे सगळ्यात जवळची वाटतात ती कपड्यांच्या दुकानातली घड्या घालणारी मुलं. टी-शर्टांची चळत, मापाप्रमाणे, वरून खाली. गिऱ्हाईक येतं, सगळ्यात खालचा ओढतं. चळत कोसळते. गिऱ्हाईक टी-शर्ट छातीला लावून आरशात बघतं, कुठल्यातरी दुसऱ्याच फळीवर ठेवतं आणि जेवायला वरच्या मजल्यावर जातं. मुलगा घड्या घालतो. पुढचं गिऱ्हाईक येतं. संध्याकाळपर्यंत त्याने तोच निळा टी-शर्ट इतक्या वेळा घडी केलेला असतो की त्याच्या आईने पाहिलं तर डोळे भरून येतील, घरी स्वतःची चादर न घडी करणारा हा.

ढकलगाडीचं मात्र आम्ही मनापासून स्वागत केलं. 1937 साली ओक्लाहोमात सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदाराने ती आणली तेव्हा कुणी हात लावेना. बायका म्हणाल्या, बाबागाड्या काय थोड्या ढकलल्या? पुरुषांना ते बायकी वाटलं. शेवटी त्याने पगारी माणसं ठेवून त्यांना गाड्या ढकलत दुकानात फिरवलं, तेव्हा लोक धजावले. आमच्याकडे पगारी माणसांची गरज पडली नाही. पहिल्याच दिवशी प्रत्येक गाडीत एक मूल बसलं आणि सामान बापाने हातात धरलं.

मागचं मागायची सोयच नाही असा माल पनवेलमध्ये एकच विकला जातो: जागा. विमानतळाची पायाभरणी 2018 साली झाली, उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये. पण 'विमानतळापासून 10 मिनिटांवर' असे फलक त्याच्या कितीतरी आधीपासून महामार्गाच्या दोन्ही अंगांना उभे होते. मी मी म्हणणारे लोक, मेणबत्तीचं पाकीट मागून घेणारे, फलकावरच्या हिरवळीचं चित्र पाहून बुकिंग करून आले. त्यातल्या एकालाही म्हणता आलं नाही, की ह्यातला मागचा प्लॉट दाखवा.

तर चिरंजीव. मसाल्यांचं स्टँड, पिवळे दिवे, बासरी ह्यांच्यानंतर त्यांना एकच यश मिळालं, आणि ते चुकून. दुकानात स्टीलचे कडीचे डबे पडून होते. मांडून बघितले, सूट देऊन बघितली, आकड्याच्या शेवटी 99 लावून बघितला. हलेनात. एक दिवस एक डबा त्यांनी सुट्या नाण्यांसाठी फळीवर घेतला आणि पोऱ्याने तो कुणाला देऊ नये म्हणून त्यावर चिठ्ठी चिकटवली, 'विक्रीसाठी नाही'. पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं, "का नाही?" दुसऱ्याने विचारलं, "कुणासाठी ठेवलाय?" तिसऱ्या वहिनींनी अण्णांशी असलेलं माहेरचं नातं काढलं. अण्णांनी इकडे तिकडे बघितलं, "आता तुम्ही म्हणताय म्हणून," असं पुटपुटत आतून एक डबा काढून दिला. आठवड्यात डबे संपले. चिरंजीवांनी उत्साहाने साबण, तेल, पापड, सगळ्यांसाठी तशाच चिठ्ठ्या छापून आणल्या, तेव्हा मात्र अण्णांनी त्या कात्रीने कापून हिशेबाला वापरल्या.

त्यानंतर एका दुपारी, दुकानात मी आणि पोस्टमास्तर सोडून कुणी नसताना, चिरंजीवांनी बिस्किटांची फळी लावायला घेतली. पुस्तकात पक्कं लिहिलेलं असतं: जुना माल पुढे ओढायचा, नवा मागे सारायचा, म्हणजे जुना आधी खपतो. ते पुडे पुढे ओढू लागले आणि थबकले. तारखा उलट्या होत्या. ताजे पुडे पुढे, दोन महिन्यांपूर्वीचे मागे.

"अण्णा, हे उलटं लावलंय."

"तसंच असू दे."

"अहो पण ताजा माल पुढे ठेवलात तर जुना कसा जाणार?"

अण्णांनी चष्मा काढून पुसला. एवढी फी भरूनही हे सांगावं लागतंय, असं काहीतरी त्यांच्या तोंडावर होतं. "अरे, लोक मागचं मागतात ना?"

चिरंजीव बराच वेळ फळीकडे पाहत राहिले. पोस्टमास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला. गेली कित्येक वर्षं ते मागचाच पुडा नेत होते. मीही नेत होतो. मुदत उलटलेलं त्यात काही नसायचं, तक्रारीला जागा नव्हती. आम्ही चोखंदळ होतो, एवढाच आमचा गुन्हा.

तेवढ्यात लाइन आळीतल्या काकू आल्या. पिशवी फळीवर ठेवली, घाम पुसला. "अण्णा, ग्लुकोजचा मोठा पुडा."

अण्णांचा हात सवयीने मागे गेला.

"तो नको," काकू म्हणाल्या. त्यांनी पुढचा पुडा बघितला, मागचा बघितला, मग अण्णांकडे बघितलं, चांगलं निरखून. "मधला द्या."

काकू गेल्या. अण्णा जागेवरून उठले, धोतराचा सोगा खोचला आणि फळीवरचे सगळे पुडे खाली उतरवायला लागले.

"काय करताय अण्णा?" चिरंजीवांनी विचारलं.

"ती आता भिशीत सगळ्यांना सांगणार. तुझ्या त्या नकाशात मधे काय ठेवायचं लिहिलंय ते बघ जरा."